सीएससीएस प्रमाणपत्र: स्ट्रेंग्थ कोचसाठी पात्रता, कागदपत्रे आणि परीक्षा

खेळाडूंची ताकद आणि शारीरिक क्षमता वाढवण्याचे काम व्यवसाय म्हणून करू इच्छिणाऱ्यांसमोर आज अनेक प्रमाणपत्रे आहेत. त्यांपैकी व्यावसायिक संघ, क्रीडा अकादमी आणि परदेशातील संस्था ज्याची आवर्जून विचारणा करतात, ते म्हणजे ‘सर्टिफाइड स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग स्पेशालिस्ट’, म्हणजेच सीएससीएस. ते देणारी नॅशनल स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग असोसिएशन ही संस्था 1978 मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात स्थापन झाली. तिचे मुख्यालय आता कोलोराडो स्प्रिंग्ज येथे आहे, आणि हे प्रमाणपत्र ती 1985 पासून देत आहे. महाराष्ट्रात राहून त्यासाठी अर्ज करता येतो. परंतु ज्यांनी अभ्यास आधी आणि कागदपत्रे नंतर असा क्रम धरला, त्यांचे कित्येक महिने वाया गेलेले मी पाहिले आहेत. त्यामुळे येथे कागदपत्रांविषयी अधिक सविस्तर लिहीत आहे.

पात्रता

मुख्य अट पदवीची आहे. मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी हवी. पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्यालाही नोंदणी करता येते. आजच्या नियमांनुसार पदवी क्रीडाविज्ञानाचीच असली पाहिजे असे बंधन नाही, त्यामुळे वाणिज्य शाखेचा पदवीधरही अर्ज करू शकतो. मात्र अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्थेत शारीरिक शिक्षण घेतलेल्याला किंवा फिजिओथेरपीच्या पदवीधराला शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय नव्याने शिकावे लागत नाहीत, आणि हा फरक अभ्यासाला बसल्यावर फार मोठा वाटतो. 2030 पासून ठराविक मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाची पदवी मागण्याचा निर्णय संस्थेने जाहीर केलेला आहे. म्हणून ज्यांची पदवी हातात आहे आणि ज्यांना ही परीक्षा द्यायचीच आहे, त्यांनी ती लांबणीवर टाकू नये, आणि अर्जाच्या दिवशी लागू असलेले हँडबुक संस्थेच्या संकेतस्थळावरून उतरवून वाचावे. आपली पदवी समकक्ष धरली जाईल की नाही, हे शुल्क भरण्यापूर्वी संस्थेला ई-मेलने विचारून लेखी उत्तर घ्यावे.

दुसरी अट सीपीआर (हृदय थांबल्यास छाती दाबून व कृत्रिम श्वास देऊन जीव वाचवण्याची पद्धत) आणि एईडी (विजेच्या धक्क्याने हृदयाची लय सावरणारे यंत्र) यांच्या प्रशिक्षणाची आहे. हे प्रमाणपत्र चालू मुदतीतले हवे आणि त्यात पुतळ्यावर प्रत्यक्ष सराव करून घेतलेली कौशल्य चाचणी असलीच पाहिजे. केवळ ऑनलाइन चित्रफिती पाहून मिळालेले प्रमाणपत्र चालत नाही. मोठ्या शहरांतील अनेक रुग्णालये आणि प्रशिक्षण केंद्रे अमेरिकन हार्ट असोसिएशनचे असे वर्ग घेतात. त्यांचे कार्ड दोन वर्षे वैध असते. ज्याच्या देखरेखीखाली माणसे जड वजन उचलतात, त्याला छातीवर दाब द्यायला आणि एईडी जोडायला येत नसेल, तर त्याने कोच म्हणून उभे राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांचे शिक्षण बारावीपर्यंत झाले आहे, त्यांनी याच संस्थेच्या पर्सनल ट्रेनर प्रमाणपत्राचा विचार करावा. त्यासाठी वय 18 पूर्ण, बारावीइतके शिक्षण आणि हेच सीपीआर-एईडी प्रमाणपत्र पुरते.

ट्रान्सक्रिप्ट आणि नाव

पदवीचा पुरावा म्हणून संस्थेला ट्रान्सक्रिप्ट लागते. ट्रान्सक्रिप्ट म्हणजे गुणपत्रिकेची झेरॉक्स नव्हे. सर्व सत्रांचे विषय आणि गुण एकत्र नोंदवलेला, विद्यापीठाच्या शिक्क्यासह दिला जाणारा तो अधिकृत उतारा असतो, आणि तो विद्यापीठाकडूनच संस्थेकडे जावा लागतो. आपल्याकडे त्यासाठी विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे अर्ज करून सर्व गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्राच्या प्रती जोडाव्या लागतात. एखाद्या सत्राची गुणपत्रिका हरवली असेल, तर आधी तिची दुय्यम प्रत काढणे आले. म्हणून अभ्यासाच्या पहिल्याच आठवड्यात हा अर्ज टाकावा. कागदपत्रे पोचण्यापूर्वी परीक्षा देता येते, पण परीक्षेच्या दिवसापासून एका वर्षात ती सादर झाली नाहीत, तर मिळालेले यश रद्द होते.

नावाचा प्रश्न खास आपला आहे. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि अनेकदा शेवटी आईचे नाव छापलेले असते. पासपोर्टवर मात्र नाव आणि वडिलांचे नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्या रकान्यात असते, आणि आईचे नाव त्या ओळीत नसतेच. ज्यांनी लग्नानंतर आडनाव बदलले आहे, त्यांच्या पदवीवर एक नाव आणि ओळखपत्रावर दुसरे नाव असते. नोंदणी पासपोर्टवरील नावानेच करावी, कारण परीक्षा केंद्रावर ओळखपत्र आणि नोंदणी यांतले नाव ताडून पाहिले जाते. पदवीवरील नाव वेगळे असल्यास राजपत्रातील नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र ट्रान्सक्रिप्टसोबत द्यावे. ओळखपत्र म्हणून छायाचित्र आणि सही दोन्ही असलेला पासपोर्ट सर्वांत निर्धोक ठरतो.

नोंदणी आणि परीक्षा

संस्थेच्या संकेतस्थळावर खाते उघडून शुल्क डॉलरमध्ये भरावे लागते. संस्थेच्या सदस्यांना ते कमी पडते. पण सदस्यत्वाची सक्ती नाही, म्हणून वर्गणी आणि सवलत यांची बेरीज-वजाबाकी करूनच सदस्य व्हावे. आपल्या बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार बहुधा बंद ठेवलेले असतात, ते बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करून घ्यावेत. नोंदणी झाल्यापासून 120 दिवसांत पिअर्सन व्ह्यू या कंपनीच्या केंद्रावर परीक्षा द्यायची असते, म्हणून तयारी पूर्ण होत आल्यावरच शुल्क भरणे शहाणपणाचे.

परीक्षा इंग्रजीत देण्याची तयारी ठेवावी. संगणकावरील या परीक्षेचे दोन विभाग असतात. पहिल्या, शास्त्रीय पायाच्या विभागात व्यायामविज्ञान, क्रीडा मानसशास्त्र आणि आहार यांवर 80 गुणांकित प्रश्न असतात व दीड तास मिळतो. दुसऱ्या, प्रात्यक्षिकाशी निगडित विभागात 110 गुणांकित प्रश्न आणि अडीच तास असतात. दोन्ही विभागांत प्रत्येकी 15 प्रश्न गुणांविना मिसळलेले असतात, पण ते कोणते हे कळत नसल्याने सर्वच प्रश्न मनापासून सोडवावेत. प्रत्येक विभागात स्वतंत्रपणे 70 हा प्रमाणित गुणांक (म्हणजे 70 टक्के नव्हे, तर ठराविक मोजपट्टीवर बसवलेले गुण) मिळवावा लागतो. एकच विभाग राहिल्यास तेवढाच पुन्हा देता येतो, मात्र पुढच्या प्रयत्नापूर्वी 90 दिवस थांबावे लागते.

पहिला विभाग पाठांतराने काही अंशी निभावतो, दुसरा निभावत नाही. त्यात चित्रे आणि चित्रफिती दाखवून चूक ओळखायला सांगतात, आणि नेमके येथेच वर्षानुवर्षे जिममध्ये शिकवणारे अडखळतात. डंबेल बेंच प्रेसचे, म्हणजे बाकावर उताणे झोपून डंबेल वर ढकलण्याच्या व्यायामाचे, उदाहरण घ्या. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी आधार देणारा माणूस कोपरांखाली हात धरतो. पण हात थकला की डंबेल मनगटापासून चेहऱ्यावर कोसळते आणि कोपराला दिलेला आधार तेथे कामी येत नाही. संस्थेची पद्धत मनगटाजवळ, दोन्ही हातांना कोपरापुढच्या भागात धरण्याची आहे. बारबेलच्या बेंच प्रेसला आधार देणाऱ्याने एक तळवा वर आणि एक खाली अशी पकड खेळाडूच्या हातांच्या आतल्या बाजूस घ्यायची असते. स्नॅच किंवा क्लीनसारख्या, जमिनीवरून वजन झटक्यात डोक्यावर किंवा खांद्यापर्यंत नेण्याच्या स्फोटक प्रकारांत मात्र आधार द्यायचाच नसतो. वजन सुटले तर ते सुरक्षितपणे टाकून बाजूला होण्याचे शिक्षण खेळाडूला आधीच द्यायचे असते.

चाचण्यांच्या क्रमावरही प्रश्न येतात. उंची, वजन, उभी उडी अशा न दमवणाऱ्या मोजण्या आधी, मग चपळता, मग कमाल ताकद, त्यानंतर वेगाच्या धावा, स्नायूंची सहनशक्ती, आणि दम काढणारी लांब धाव अगदी शेवटी. हा क्रम आपल्या खेळाडूंवर दोन-तीनदा राबवून पाहिला की पाठ करावा लागत नाही. आपल्या तालमीतला वस्ताद जोर-बैठकांनंतर पोराचा श्वास आणि पाय पाहून पुढचा मेहनतीचा हिशेब ठरवतो; या परीक्षेला हवी असलेली नजर त्याच जातीची आहे, फक्त येथे तिचे कारण शास्त्राच्या भाषेत सांगता यावे लागते.

नूतनीकरण

प्रमाणपत्र कायमचे नसते. नूतनीकरणाचे चक्र तीन वर्षांचे असून ते सर्वांसाठी एकाच दिवशी संपते. चालू चक्राची अखेर 31 डिसेंबर 2026 ही आहे. चक्राच्या आरंभापूर्वीच प्रमाणित झालेल्यांना 6.0 शैक्षणिक युनिटे (प्रमाणपत्रानंतर चालू ठेवलेल्या शिक्षणाचे गुण) जमवावी लागतात, आणि चक्राच्या मध्ये उत्तीर्ण झालेल्यांना त्याहून कमी. कार्यशाळा, परिषदा आणि संस्थेच्या प्रश्नमंजूषा यांतून ती मिळतात. प्रत्येक उपस्थितीचे प्रमाणपत्र त्याच आठवड्यात स्कॅन करून खात्यात नोंदवावे, आणि या तीन वर्षांत सीपीआर कार्डाची दोन वर्षांची मुदत मध्येच संपणार असल्याने त्याच्या पुढच्या वर्गाची तारीख आजच वहीत लिहून ठेवावी.