मेंदूच्या अगदी मधली गाठ: पिनिअलपर्यंत पोचण्याचा इतिहास

मोठ्या माणसांच्या मेंदूत होणाऱ्या गाठींपैकी पिनिअल ग्रंथीच्या भागातल्या गाठी शंभरात जेमतेम एक, बहुधा त्याहूनही कमी. तरी न्यूरोसर्जन मंडळींत त्यांच्याबद्दल भरपूर बोललं जातं, कारण त्यांची जागा. मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या मध्ये खोलवर, लहान मेंदूच्या वरच्या टोकापाशी, मध्यमेंदूच्या पाठीवर ही तुरीच्या दाण्याएवढी ग्रंथी बसलेली असते. कवटीच्या कुठल्याही बाजूने शिरा, वाट लांबच. शिवाय मेंदूतलं अशुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या मोठ्या शिरा तिच्या डोक्यावरूनच जातात.

सतराव्या शतकात देकार्तने आत्म्याचं आसन इथेच मांडलं. आपल्याकडेही तिला तिसरा डोळा म्हणून आज्ञाचक्राशी जोडणारे कमी नाहीत. काही सरड्यांच्या डोक्यावर या ग्रंथीशी नातं असलेला, उजेड टिपणारा अवयव खरोखर असतो, तेव्हा ते नाव अगदीच हवेतलं नाही. माणसात मात्र ती रात्री मेलाटोनिन हे झोपेच्या चक्राशी निगडित संप्रेरक स्रवते. हे द्रव्य येल विद्यापीठात आरन लर्नर यांनी १९५८ मध्ये वेगळं काढलं.

निदानाची पहिली खूण मिळाली ती डोळ्यांतून. पॅरिसचे नेत्रवैद्य आँरी पारिनो यांनी १८८३ मध्ये नजर वर न जाण्याच्या विकाराचं वर्णन केलं. अशा रुग्णाला फळीवरचा डबा बघायचा तर अख्खी मान मागे टाकावी लागते, कारण बुबुळं वर सरकतच नाहीत. बॅटरीचा झोत टाकला तरी बाहुली नीट आकसत नाही, पण जवळची वस्तू पाहताना आकसते. पिनिअलची गाठ वाढली की मध्यमेंदूच्या पाठीवर दाब येतो आणि हे घडतं. त्याच दाबाने मेंदूतलं पाणी खाली नेणारी अरुंद वाट बुजते. मग पहाटेची डोकेदुखी, उलट्या, अंधुक दिसणं सुरू होतं. नातेवाईक ‘डोक्यात पाणी झालंय’ म्हणतात ते हेच.

पण गाठ प्रत्यक्ष दिसणार कशी? मोठेपणी या ग्रंथीत चुना साठतो आणि साध्या एक्स-रेमध्ये पांढरा ठिपका दिसतो. तो मध्यरेषेवरून सरकलेला दिसला की एका बाजूला काहीतरी वाढतंय असं डॉक्टर ताडत. १९१८ मध्ये बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनी मेंदूतल्या पोकळ्यांत हवा भरून एक्स-रे काढण्याची पद्धत आणली. रुग्णाचे हाल होत, पण पोकळी कुठे दबली आहे ते कळे.

शस्त्रक्रियेची कथा याच काळातली. १९१३ मध्ये बर्लिनच्या फेडोर क्राउझे यांनी एका मुलाच्या या भागातली गाठ काढली आणि मूल वाचलं. त्यांची वाट डोक्याच्या मागून जाणारी होती. लहान मेंदूच्या वर एक चिवट पडदा तंबूसारखा ताणलेला असतो. त्या दोहोंच्या फटीतून ते पुढे गेले. डँडी यांनी १९२१ मध्ये वरून, दोन अर्धगोलांमधून, त्यांना जोडणारा पूल चिरून जाणारी वाट मांडली. पुढे कितीतरी सर्जन याच दोन वाटांनी गेले आणि बहुतेकांचे हात पोळले. तिथे पुरेसा उजेड पोचत नसे आणि रक्तस्राव आवरत नसे. टेबलावर किंवा पुढच्या काही दिवसांत रुग्ण जाण्याचं प्रमाण भयंकर होतं.

नॉर्वेचे आर्ने टोर्किल्डसेन यांनी १९३९ मध्ये साठलेलं पाणी नळीने वळवून अडथळ्यापलीकडे सोडण्याची युक्ती दिली, आणि १९४८ मध्ये उघड विचारलं की या गाठी काढायला जावंच का? भारतातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग जेकब चांडी यांनी वेल्लोरला सुरू केला तो पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये. म्हणजे आपल्याकडे हे शास्त्र रुजत होतं तेव्हा या गाठीपुरती जगाने जवळपास माघार घेतली होती.

त्यानंतरची पद्धत अशी: नळी घाला, किरणोपचार द्या, गाठीला हात लावू नका. तुकडा काढून तपासणं नाही, त्यामुळे गाठ कोणत्या जातीची हे कळायची सोय नाही. त्यातली जर्मिनोमा ही जात किरणांनी लोण्यासारखी वितळते. म्हणून आधी थोडा डोस देऊन बघत. गाठ आटली तर जर्मिनोमा, नाही तर दुसरं काहीतरी. आज हे अंदाजपंचे वाटतं. पण वाटेतच रुग्ण दगावत असताना सर्जनने सुरी खाली ठेवली, याला मी तरी भित्रेपणा म्हणणार नाही.

उलटफेर झाला १९७१ मध्ये. न्यूयॉर्कच्या बेनेट स्टाइन यांनी क्राउझे यांचीच जुनी वाट पुन्हा धरली, फक्त या वेळी हाताशी ऑपरेशनचा मायक्रोस्कोप होता. रुग्णाला बसवलं की लहान मेंदू आपल्याच वजनाने खाली ओघळतो आणि फट आपोआप उघडते; मोठ्या शिरा वरच राहतात. धोका एकच मोठा. डोकं हृदयाच्या वर असल्याने उघड्या शिरेतून हवा आत ओढली जाऊ शकते, म्हणून भूलतज्ज्ञ छातीवर डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र, लावून कान देऊन बसतो. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला लंडनच्या विम्बल्डन भागातल्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये पहिला रुग्ण सीटी स्कॅनखाली गेला. पुढे एमआरआय आलं.

दुर्बिणीचा इतिहास तर आणखी गमतीचा. बोस्टनच्या विल्यम मिक्स्टर यांनी १९२३ मध्ये मूत्रमार्ग तपासायची दुर्बीण मेंदूत घालून पाण्याला नवी वाट करून दिली होती. आता त्याच वाटेने, एका छिद्रातून, पाणी मोकळं करणं आणि गाठीचा तुकडा घेणं एकाच बैठकीत उरकतं. त्याआधी रक्तात आणि मेंदूतल्या पाण्यात एएफपी आणि बीटा-एचसीजी, म्हणजे काही जातींच्या गाठींतून सुटणारी द्रव्यं, तपासतात. ती ठरावीक पातळीच्या वर असतील तर कधी तुकडाही लागत नाही.

जर्मिनोमा निघाला तर पुढची सुरी टळते. हळू वाढणारा पिनिओसायटोमा पूर्ण काढला तर बहुधा तेवढ्यावर भागतं. एमआरआयमध्ये सहज सापडणारी पाण्याची छोटी गाठ, म्हणजे पिनिअल सिस्ट, बहुतेकांत निरुपद्रवी असते. रिपोर्ट वाचून हबकलेल्यांनी एवढं लक्षात ठेवावं. नव्या जाती अजून वेगळ्या काढल्या जात आहेत: या भागातला पॅपिलरी ट्यूमर २००३ मध्ये प्रथम वर्णिला गेला आणि २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आला. २०२१ च्या यादीत आणखी एकीची भर पडली. ती प्रामुख्याने मोठ्या माणसांत होते आणि एसएमएआरसीबी१ या जनुकातल्या बिघाडावरून ओळखली जाते.