सामायिक अवधान : कॅमेऱ्याद्वारे शोध

समूहातील अनेकांची नजर एकाच वेळी एकाच वस्तूवर वा व्यक्तीवर आहे का, हे चित्रणावरून ठरवण्याचे तंत्र. संज्ञेबाबत एकमत नाही. स्केफ व ब्रूनर यांनी १९७५ मध्ये अर्भकांच्या संदर्भात ‘संयुक्त अवधान’ (दुसरा पाहतो तिकडेच पाहणे) मांडले. पुढे एमरी (२०००) यांनी ‘सामायिक’ हा वेगळा प्रकार मानला : त्यात दुसराही तेच पाहत आहे याची दोघांनाही जाणीव हवी. संगणकशास्त्रात हा भेद सहसा पाळला जात नाही. कॅमेऱ्याला ही जाणीव दिसत नाही, नजरा एकत्र आलेल्या तेवढ्या दिसतात. त्यामुळे ‘संयुक्त’ हीच संज्ञा अधिक नेमकी वाटते. येथे रूढ नाव ठेवले आहे.

मिलग्रॅम, बिकमन व बर्कोविट्झ यांचा न्यूयॉर्कच्या पदपथावरील प्रयोग (१९६९) या तंत्राचा पूर्वज म्हणता येईल, मात्र त्यात फिल्म पाहून माणसेच मोजणी करत. मुद्दाम उभ्या केलेल्या, वर पाहणाऱ्या एकट्याजवळ ४ टक्के, तर पंधरा जणांच्या घोळक्याजवळ ४० टक्के पादचारी थांबले.

समूह चौकटीत घ्यायचा तर चेहरे लहान होतात. ६ मीटर रुंदीचे दृश्य १९२० पिक्सेलांत मावले की एका पिक्सेलात सुमारे ३ मिमी येतात. बुबुळाला जेमतेम चार पिक्सेल मिळतात आणि ते एका पिक्सेलने सरकले तरी नजर सुमारे १५ अंशांनी वळलेली असते. म्हणून डोक्याचा रोख धरतात. चौघांच्या बैठकीतील एका अभ्यासात (२००२) केवळ त्यावरून ८८.७ टक्के वेळा लक्ष्य बरोबर ओळखता आले.

कॅमेऱ्यांचे कॅलिब्रेशन (प्रत्येकाची जागा, रोख व भिंग यांचे मापन) बुद्धिबळाच्या पटासारख्या नक्षीने करतात. मग प्रत्येकाच्या डोक्यापासून रेषेऐवजी शंकू काढतात, कारण अवकाशात दोन रेषा क्वचितच नेमक्या छेदतात. १० अंशांची चूक ५ मीटरवर जवळपास ९० सेंमी भरते. शेजारीशेजारी बसलेल्यांच्या रेषा जवळजवळ समांतर जातात, त्यामुळे दिशा कळते पण अंतर कळत नाही. बाजूने पाहणारा एक जण मिळाला की छेदबिंदू पक्का होतो. पार्क, जैन व शेख (२०१२) यांनी कॅमेरे डोक्यांवरच बसवून डोक्याचा रोख मोजण्याची अडचण बरीच कमी केली. फॅन व सहकाऱ्यांनी (२०१८) ३८० चित्रफितींचा संच देऊन उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय (न्यूरल) जाळ्यांची वाट धरली.

चुकीच्या नोंदी ठरावीक जागी येतात : पडद्यालगत उभा वक्ता (लक्ष त्याच्यावर की पडद्यावर हे कळत नाही), मांडीवरचा फोन (मान खाली, म्हणून लक्ष टेबलावर असे गृहीत), आणि कॅमेऱ्यांच्या घड्याळांतील फरक. सेकंदाला ३० चौकटी असल्यास तीन चौकटींची तफावत म्हणजे १०० मिलिसेकंद. तेवढ्यात नजर दुसरीकडे गेलेली असू शकते. चित्रणाच्या सुरुवातीला सर्व कॅमेऱ्यांसमोर एकदा टाळी वाजवली की त्यावरून घड्याळे जुळवता येतात.