सोर्स एक, सिस्टिम तीन: पॅकेज दुसऱ्याच्या मशीनवर का अडतं?

सी भाषेतला एक छोटा प्रोग्राम घ्या. शब्दांची यादी वाचायची, ती अकारविल्हे लावायची आणि नव्या फाइलमध्ये लिहायची, एवढंच त्याचं काम. हाच सोर्स कोड लिनक्स, विंडोज आणि मॅकसाठी बिल्ड करायचा आहे, म्हणजे त्यापासून चालवता येणारी फाइल तयार करायची आहे. कंपाइल होणं हा यातला सोपा भाग. लिनक्ससाठी ईएलएफ, विंडोजसाठी पीई आणि मॅकसाठी माक-ओ हे फाइलचे साचे कंपायलर आणि लिंकर मिळून तयार करतात, त्यात आपल्याला फारसं काही करावं लागत नाही. खरी अडचण येते ती बिल्ड मशीनवरच्या गोष्टी नकळत पॅकेजमध्ये शिरतात तेव्हा. ज्याच्याकडे त्या गोष्टी नसतात, त्याच्याकडे प्रोग्राम सुरूच होत नाही.

लिनक्सवर याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे जीलिबसी, म्हणजे सी भाषेतल्या तयार फंक्शनांची लायब्ररी. बहुतेक सगळे प्रोग्राम तिच्यावर उभे असतात. तिच्यातल्या प्रत्येक फंक्शनवर आवृत्तीचा शिक्का असतो आणि लिंक करताना, म्हणजे प्रोग्राम लायब्ररीशी जोडताना, बिल्ड मशीनवर जो शिक्का चालू असेल तोच प्रोग्राममध्ये नोंदला जातो. उबुंटू २२.०४ वर जीलिबसी २.३५ आहे, डेबियन ११ वर २.३१. पहिल्यावर बिल्ड केलेला प्रोग्राम दुसऱ्यावर चालवला की ‘जीलिबसी २.३४ सापडत नाही’ अशा अर्थाची चूक येते. बिल्ड २.३५ वर झालं, मग चूक २.३४ ची का? २०२१ साली आलेल्या २.३४ मध्ये प्रोग्राम सुरू करून देणाऱ्या फंक्शनलाच नवा शिक्का मिळाला. ‘मेन’पर्यंत पोहोचण्याआधी प्रत्येक प्रोग्राम या फंक्शनमधून जातो. त्यामुळे आत एकच ओळ असलेला प्रोग्रामसुद्धा डेबियन ११ वर अडतो.

उलट दिशेला मात्र अडचण नाही. जुने शिक्के नव्या जीलिबसीत जपलेले असतात, म्हणून जुन्या मशीनवर बिल्ड केलेला प्रोग्राम नव्यावर चालतो. तेव्हा ज्या सर्वांत जुन्या सिस्टिमला आधार द्यायचा आहे, तिच्याच कंटेनरमध्ये, म्हणजे ती सिस्टिम जशीच्या तशी देणाऱ्या बंदिस्त वातावरणात, बिल्ड करावं. पायथॉनच्या पॅकेजांसाठी वापरली जाणारी मेनीलिनक्स २०१४ ही कंटेनर इमेज याच कारणाने सेंटओएस ७ वर, म्हणजे जीलिबसी २.१७ वर बांधलेली आहे. तयार फाइल ‘ऑब्जडंप’ या कमांडला कॅपिटल टी हा पर्याय देऊन तपासली की सगळे शिक्के दिसतात. त्यातला सर्वांत मोठा आकडा ही आपली किमान अट.

अल्पाइन लिनक्सवर जीलिबसीऐवजी मसल ही लायब्ररी असते. तिथे जीलिबसीवर बिल्ड केलेला प्रोग्राम चालवला तर ‘फाइल सापडली नाही’ असा संदेश येतो आणि फाइल तर समोर दिसत असते. सापडत नाही तो प्रोग्राम नव्हे, तर त्याला मेमरीत चढवणारा लोडर. या संदेशामुळे पुष्कळ जण पाथ तपासण्यात वेळ घालवतात.

विंडोजची ईएक्सई लिनक्सवरच तयार करता येते. त्यासाठी मिनजीडब्ल्यू-डब्ल्यू६४ हा कंपायलर आणि सीमेक या बिल्ड-साधनाची एक टूलचेन फाइल (कोणत्या कंपायलरने कोणत्या सिस्टिमसाठी बिल्ड करायचं हे सांगणारी) लागते. त्या फाइलमध्ये सिस्टिमचं नाव विंडोज असं लिहायलाच हवं, नाहीतर सीमेक लिनक्ससाठीच बिल्ड करतोय असं धरून चालतं. कोड सी++ मधला असेल तर कंपायलरच्या स्वतःच्या काही डीएलएल फाइली, म्हणजे विंडोजच्या लायब्ररी फाइली, लागतात. त्या कोऱ्या विंडोजवर नसतात, म्हणून स्टॅटिक लिंक करावं, म्हणजे लायब्ररी ईएक्सईतच सामावून घ्यावी, किंवा त्या ईएक्सईच्या शेजारी ठेवून द्याव्यात. याहून फसवा आहे तो ‘लाँग’ हा सी भाषेतला पूर्णांकाचा प्रकार. ६४-बिट लिनक्स आणि मॅकवर तो ८ बाइटचा, ६४-बिट विंडोजवर ४ चाच. तो जसाच्या तसा फाइलमध्ये लिहिला तर एका सिस्टिमवरची फाइल दुसरीवर चुकीची वाचली जाते, तीही कसलीच चूक न दाखवता. फाइलमध्ये जाणाऱ्या आकड्यांसाठी ठरावीक रुंदीचेच प्रकार वापरावेत.

मराठी वापरकर्त्यांना जे अडथळे येतात ते इंग्रजी नावांच्या चाचणीत कधीच दिसत नाहीत. विंडोजवर ‘एफओपन’ हे फाइल उघडणारं फंक्शन नाव सिस्टिमच्या जुन्या कोडपेजमध्ये, म्हणजे अक्षरांना आकडे देणाऱ्या तक्त्यात, वाचतं आणि देवनागरीसाठी असं सिस्टिम-कोडपेजच नाही. परिणामी ‘शब्द.टीएक्सटी’ उघडत नाही. यावर दोन उपाय आहेत: नाव यूटीएफ-१६ मध्ये घेणारं विंडोजचं फंक्शन वापरणं, किंवा प्रोग्रामच्या मॅनिफेस्टमध्ये (विंडोजला प्रोग्रामची माहिती देणाऱ्या नोंदीत) कोडपेज यूटीएफ-८ असल्याचं जाहीर करणं. दुसरा उपाय विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून चालतो.

मॅकवर गोष्ट आणखी बारीक आहे. ‘वाऱ्या’ या शब्दातला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. ०९३१ हा एकच संकेत, किंवा र (०९३०) आणि नुक्ता (०९३सी) अशी जोडी. यूटीएफ-८ मध्ये पहिला ३ बाइटचा, दुसरा ६ चा. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नाव साठवताना त्याची जोडी करून टाकते. नवी एपीएफएस नाव आहे तसं ठेवते, पण जुन्या डिस्कवरून आलेली नावं जोडीसकट येतात. प्रोग्राम यादीतलं नाव आणि फोल्डरमधलं नाव बाइटला बाइट लावून पाहत असेल, तर डोळ्यांना सारखी दिसणारी दोन नावं जुळत नाहीत. तुलनेआधी दोन्ही एनएफसी रूपात, म्हणजे युनिकोडच्या जोडलेल्या रूपात (इथे ०९३१), आणावीत.

मॅकवर इंटेल आणि ॲपल अशा दोन्ही प्रोसेसरांसाठी एकच युनिव्हर्सल फाइल करता येते, पण मग सोबतची प्रत्येक लायब्ररीही दोन्हींसाठी असावी लागते. ॲपल चिपवर होमब्रू या पॅकेज मॅनेजरने बसवलेली लायब्ररी सहसा एकाच प्रोसेसरची असते. शिवाय तिचा होमब्रूच्या फोल्डरमधला पाथ प्रोग्राममध्ये राहून जातो. ‘ओटूल’ या कमांडला कॅपिटल एल हा पर्याय दिला की तो दिसतो. हे पाथ आधी दुरुस्त करावेत आणि फाइलवरची डिजिटल सही नंतर करावी, कारण फाइलमध्ये एक बाइट बदलला तरी सही रद्द होते आणि ॲपल चिपचा मॅक त्या चिपसाठी बिल्ड केलेला कोड वैध सहीशिवाय चालवतच नाही.

लिनक्सची डेब आणि आरपीएम पॅकेजं, विंडोजचा इन्स्टॉलर आणि मॅकची डीएमजी हे सगळं सीमेकसोबत येणारं सीपॅक बनवून देतं. डेबमधली अवलंबनांची (प्रोग्रामला लागणाऱ्या इतर पॅकेजांची) यादी हाताने लिहू नये, सीपॅकमध्ये ती आपोआप काढण्याची सोय आहे. चाचणीसाठी डेब कोऱ्या कंटेनरमध्ये ‘ॲप्ट’ने बसवावं, कारण नुसतं ‘डीपीकेजी’ अवलंबनं आणत नाही. विंडोज प्रोमध्ये सँडबॉक्स, म्हणजे चाचणीपुरतं वेगळं विंडोज, आहे, तो दर वेळी कोरा सुरू होतो. मॅकवर मात्र डीएमजी ब्राउझरने डाउनलोड करूनच तपासावी. फाइल बाहेरून आल्याची क्वारंटाइन ही खूण ब्राउझर लावतो आणि ती खूण असली तरच गेटकीपर हा मॅकचा पहारेकरी नोटरायझेशन, म्हणजे ॲपलने फाइल तपासल्याची नोंद, पाहतो. बिल्ड मशीनवर जागच्या जागी उघडलेली डीएमजी या तपासणीतून जातच नाही.