पोटाच्या घडीखालची लाली: घर्षणाची की नायट्याची?

वजन चाळीस-पन्नास किलोंनी उतरलं तरी पोटावरची कातडी त्या मानाने आवळत नाही. वर्षानुवर्षं ताणून तिचे लवचीक तंतू कमजोर झालेले असतात, मग बेंबीखाली कातडीची घडी लोंबत राहते. व्यायामाने आतले स्नायू घट्ट होतात, कातडी नाही. (‘पोट आवळणारं तेल’ विकणाऱ्यांनाही हे ठाऊक असावं.) या घडीखाली लाल झालं, खाजलं, की घरातलं कुणीतरी ‘नायटाच तो’ म्हणून मोकळं होतं आणि मेडिकलमधून ट्यूब येते. पण तो नायटा असेलच असं नाही.

बहुतेकदा ते असतं इंटरट्रायगो. कातडीवर कातडी घासते, मध्ये घाम साचतो, वारा लागत नाही. घडी उचलून आरशात पाहा: लाली अगदी खोबणीत असते आणि वरच्या-खालच्या दोन्ही बाजूंवर समोरासमोर, छापल्यासारखी. कातडी ओलसर, सोलवटलेली, कधी तळाशी बारीक चीर. खाजेपेक्षा आग जास्त. हे दुसऱ्याला लागत नाही. मात्र ओल टिकली की आपल्या अंगावर एरवीही असणारी कँडिडा नावाची बुरशी तिथे बस्तान मांडते. मग मुख्य लालीच्या बाहेर सुट्या सुट्या पुळ्या दिसतात, काहींत पू असतो.

नायट्याची बुरशी वेगळी, कातडीतल्या केराटिन या प्रथिनावर जगणारी. तिला घडीच लागते असं नाही. चट्टा जांघेत, मांडीवर, कमरेला परकराच्या नाडीखाली सरकत जातो. कड उठावदार आणि खवलेदार, मधला भाग निवळत गेलेला, खाज जीव नकोसा करणारी. टॉवेल आणि कपड्यांतून तो घरभर फिरतो. नायटा ओळखायला खोबणीकडे नव्हे, चट्ट्याच्या कडेकडे बघायचं.

इंटरट्रायगोचा अर्धा उपचार म्हणजे कोरडेपणा. आंघोळीनंतर घडी उचलून टिपायची, चोळायची नाही. हेअर ड्रायर असेल तर थंड हवेवर फिरवायचा. वर झिंक ऑक्साइडचा पातळ थर. घडीत सुती कापड ठेवलं तर ओलं होताच काढायचं, नाहीतर तेच ओल धरून ठेवतं. खोबरेल तेलाने ती जागा कोरडी राहत नाही आणि घामात पावडरचे गोळे होऊन घासतात, तेव्हा दोन्ही नकोत. कँडिडावर निस्टॅटिन हे बुरशीनाशक चालतं, नायट्यावर ते काहीच करत नाही. क्लोट्रिमॅझोल दोन्हींवर चालतं, पण नायट्याला ते चट्ट्याच्या कडेबाहेरही लावावं लागतं आणि खाज थांबली तरी डॉक्टर सांगतील तितके आठवडे. आपल्याकडचा नायटा आता टर्बिनाफिन या बुरशीनाशकालाही अनेकदा दाद देत नाही. तेव्हा पोटात घ्यायच्या गोळ्या त्वचारोगतज्ज्ञच ठरवतील.

सगळ्यात मोठा घात करतात त्या स्टिरॉइड मिसळलेल्या ‘थ्री-इन-वन’ ट्यूब. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून त्या शेजारीपाजारीही सुचवल्या जातात. आत बुरशी पसरत राहते, ओळखीची कड पुसली जाते आणि डॉक्टरांनाही निदान अवघड होतं. घडीत औषध जास्त शोषलं जात असल्याने कातडी पातळ होते, कायमचे व्रण उमटतात. २०१८ मध्ये सरकारने अनेक स्टिरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. काउंटरवर काय चालतं ते आपण जाणतोच.

शंका राहिली तर कातडी किंचित खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. साधी, स्वस्त तपासणी आहे. कँडिडा पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखरही तपासावी. लाली झपाट्याने पसरली, दुखू लागली, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तो सेल्युलायटिस, म्हणजे कातडीच्या आतल्या थरांतला जंतुसंसर्ग, असू शकतो.

औषधांनीही भागत नसेल तर लोंबती कातडी काढण्याची शस्त्रक्रिया असते, पॅनिक्युलेक्टॉमी; साधारणपणे वजन काही महिने स्थिर राहिल्यावर. आरोग्य विमा सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळतो, पण उपचार म्हणून ती गरजेची असल्याचं डॉक्टरांनी प्रमाणित केलं तर दाव्याला आधार मिळतो. म्हणून प्रत्येक वेळच्या पुरळाचा तारखेसह फोटो आणि औषधाची चिठ्ठी पहिल्यापासून एका फाइलीत लावून ठेवा.