टोंगाची सोडत

म्हाडाच्या घरांसाठी निघते तशी एक सोडत प्रशांत महासागरातल्या टोंगा या देशातही निघते. तिथे नाव लागलं तर घर मिळत नाही, न्यूझीलंडमध्ये कायमचं राहायची परवानगी मिळते. टोंगाची लोकसंख्या जेमतेम एक लाख. २००२ मध्ये न्यूझीलंडने तिथल्या लोकांसाठी वर्षाला २५० जागा ठेवल्या. १८ ते ४५ वयाच्या माणसाने अर्ज भरायचा, नाव लागलं की तिकडची नोकरी मिळवून दाखवायची आणि बायकामुलांसह निघायचं. अर्ज जागांच्या कितीतरी पट येत.

गरीब देशातून श्रीमंत देशात गेल्याने माणसाची कमाई नेमकी किती वाढते, हे मोजणं दिसतं तितकं सोपं नाही. जाणारा बहुधा मुळातच जास्त शिकलेला, धडाडीचा असतो. गावात राहिला असता तरी त्याने शेजाऱ्यापेक्षा चार पैसे जास्तच मिळवले असते. मग वाढलेली कमाई देशामुळे की माणसामुळे? सोडतीने हा गुंता सोडवला. दोघांनी अर्ज भरला, दोघांनाही जायचं होतं. एकाचं नाव लागलं, दुसऱ्याचं राहिलं. दोघांमध्ये फरक फक्त नशिबाचा. औषधाची चाचणी घेताना कोणाला औषध द्यायचं आणि कोणाला नाही, हे शास्त्रज्ञ मुद्दाम चिठ्ठ्या टाकून ठरवतात; ते इथे आपसूक घडलं होतं.

डेव्हिड मॅकेन्झी, जॉन गिब्सन आणि स्टीव्हन स्टिलमन या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्ही गटांची घरं गाठली. पहिल्या वर्षातच, गेलेल्यांचं उत्पन्न २६३ टक्क्यांनी वाढलं होतं, म्हणजे साडेतीन पटींहून जास्त झालं होतं. माणूस तोच, हात तेच, शिक्षण तेच. बदलली ती फक्त जमीन. जवळपास दहा वर्षांनी पुन्हा पाहणी झाली तेव्हाही वाढ साधारण तेवढीच होती. गेलेल्यांचं मानसिक स्वास्थ्यही सुधारलेलं दिसलं. रक्तदाब मात्र वाढलेला आढळला.

एवढा फायदा असेल तर सगळं जग चंबूगबाळं उचलून का निघत नाही? संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाने २०२४ मध्ये जन्मदेशाबाहेर राहणारे लोक सुमारे ३० कोटी ४० लाख होते. आकडा मोठा वाटतो, पण जगाच्या लोकसंख्येत तो चार टक्केसुद्धा भरत नाही. आणि या लोकांत अगदी गरीब देशांतली, अगदी गरीब घरांतली माणसं आपण समजतो त्यापेक्षा बरीच कमी असतात. पासपोर्ट, मेडिकल, एजंटचे पैसे, विमानाचं तिकीट, आणि पहिला पगार हातात पडेपर्यंत घरच्यांचं पोट: ज्याचं हातावर पोट आहे, त्याने ही रक्कम आणायची कुठून? जायची गरज त्याला सगळ्यात जास्त असते, पण नेमकं त्यालाच जाणं परवडत नाही.

मायकेल क्लेमेन्स या अर्थशास्त्रज्ञाने देशोदेशीचे आकडे मांडले तेव्हा आलेखात टेकडी उभी राहिली. देशाचं दरडोई उत्पन्न वाढतं तसं बाहेर जाणाऱ्यांचं प्रमाणही वाढत जातं. खरेदीशक्तीच्या हिशेबाने, म्हणजे देशोदेशीच्या किमतींतला फरक जमेस धरून, वर्षाला साधारण दहा हजार डॉलरपर्यंत ही चढण चालते. उतार त्यानंतर लागतो. हातात थोडा पैसा आला की भाडं जमतं, मुलं शिकतात, आणि शिकलेल्या मुलाला गावातलं काम पुरेसं वाटेनासं होतं. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले, आखातात बांधकामांची धूम सुरू झाली, तेव्हा भारतातून तिकडे जाण्यात आघाडी घेतली ती देशातल्या सर्वात गरीब राज्याने नव्हे, साक्षर केरळने.

या टेकडीवर वाद आहे, आणि तो रास्त आहे. वेगवेगळे देश शेजारी शेजारी ठेवले की टेकडी दिसते; एकाच देशाचा वर्षानुवर्षांचा प्रवास पाहिला तर उत्पन्न वाढताना लोक कमी बाहेर पडतात, असंही काही संशोधकांना आढळलं आहे. तरीही गरीब देशांना मदत दिली की तिथून येणारी माणसं आपोआप थांबतील, हे श्रीमंत देशांतल्या पुढाऱ्यांचं लाडकं गणित मला पटत नाही. मदत जरूर द्यावी, पण त्यांचं पोट भरावं म्हणून.

पैशाइतकीच महत्त्वाची असते ती तिकडची ओळख. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. स्वातंत्र्याआधी मुंबईला येणं म्हणजे इंग्रजांच्या मुलखात, परराज्यात येणं. तरी गोव्याचा तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारा खलाशी, बिनघोर यायचा, कारण धोबी तलावला त्याच्या गावाची कूड, म्हणजे गावकऱ्यांची सामाईक खोली, असायची. एक मोठी खोली, भिंतीच्या कडेने ओळीने मांडलेल्या पेट्या, एका बाजूला वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायची रोझरी. बोट मिळेपर्यंत नाममात्र पैशांत टेकायला जागा, आणि कोणत्या बोटीवर माणसं घेतायत याची खबर शेजारच्या पेटीवाल्याकडून. गिरणगावातल्या गावकीच्या खोल्यांचं तेच. पहिल्या माणसाला जे जड गेलं, ते दहाव्याला सोपं जातं.

हे मोजलंही गेलं आहे. कैवन मुन्शी यांनी २००३ मध्ये मेक्सिकोतल्या गावांचा पाऊस आणि अमेरिकेतल्या नोकऱ्या यांची सांगड घातली. गावात पाऊस कमी पडला की जास्त माणसं अमेरिकेला जात. ती तिथे काही वर्षं रुळली की नंतर येणाऱ्या गावकऱ्यांना काम मिळण्याची शक्यता वाढे, आणि तेही शेतमजुरीपेक्षा बऱ्या पगाराचं. एका दुष्काळाने पुढच्यांसाठी वाट मळून ठेवलेली असे.

पण ओळखीच्या माणसाकडून येणारी बातमी पूर्ण खरी असतेच असं नाही. टोंगाच्या अर्जदारांना विचारलं होतं, न्यूझीलंडमध्ये तुम्ही किती कमवाल? तिकडे सोन्याचा धूर निघतो असं सांगतील, अशी आपली अपेक्षा. प्रत्यक्षात त्यांनी सांगितलेले आकडे खऱ्या कमाईपेक्षा कमी निघाले. संशोधकांचा तर्क असा की तिकडचे नातेवाईक आपला पगार कमी करून सांगत असावेत. पूर्ण आकडा कळला तर गावाकडून येणारी मागणीही तेवढीच वाढेल. चुलत्याच्या घराचं छप्पर, भाचीची फी, चर्चची वर्गणी, सगळं त्याच एका पगारातून जायचं असतं.