एकाच चुलीवरचं खाऊन

तान्ह्या पोळ्याची संध्याकाळ होती. मारुतीच्या पारापुढे तोरण बांधलेलं, गावातली पोट्टी आपापले लाकडी नंदी घेऊन रांगेत उभी. आमचा लहाना नातू तेव्हा चार वर्षांचा. तोरण तुटायच्या आतच तो दोरी ओढत पुढे पळाला. नंदीचं एक चाक खडीत अडकून निखळलं, तरी उरलेल्या तिनांवर तो नंदी फरफटवत होता. मोठा सात वर्षांचा. त्यानं नंदीची शिंगं स्वतः रंगवली होती, पाठीवर झूल चिकटवली होती, गळ्यात घुंगरमाळ बांधली होती. आणि ऐन वेळी माझ्या धोतराचा सोगा धरून तो जो मागे उभा राहिला, तो शेवटपर्यंत हलला नाही.

घरी आल्यावर त्यांची आजी म्हणाली, "एकाच चुलीवरचं खातेत दोघंही. मंग हा असा अन् तो तसा काहून?"

मी नोकरीभर शाळेत विज्ञान शिकवलं आणि शेतीही केली. तिच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला वावरात सापडतं. आपल्याकडे २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हापासून यवतमाळकडचा शेतकरी दरवर्षी संकरित बियाण्याचं नवं पाकीट आणतो. ते पेरलं की सगळी पऱ्हाटी जवळपास एकसारखी उगवते. पण त्याच पऱ्हाटीची सरकी ठेवून पुढच्या वर्षी लावून पाहा. एक झाड गुडघ्याएवढं राहतं, शेजारचं खांद्याला लागतं, एकाला बोंडं लवकर, दुसऱ्याला उशिरा. संकरित झाडात दोन वेगळ्या वाणांची जनुकं जोडीनं नांदत असतात. बी धरताना त्या जोड्या फुटतात आणि प्रत्येक सरकीत नवी वाटणी होते.

माणसाचंही हेच. शरीराच्या बहुतेक पेशींत गुणसूत्रांच्या, म्हणजे जनुकं वाहणाऱ्या धाग्यांच्या, २३ जोड्या असतात. बीजपेशी, म्हणजे आईचं बीजांड किंवा बापाचा शुक्राणू, तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकच गुणसूत्र पुढे जातं, आणि कोणतं जाईल हे दर वेळी नव्यानं ठरतं. नुसत्या या निवडीतूनच एका आईच्या किंवा एका बापाच्या बीजपेशींचे ८३ लाखांहून अधिक प्रकार होऊ शकतात. त्यात गुणसूत्रं आपसांत तुकड्यांची अदलाबदलही करतात, म्हणजे हिशोबच संपला. सख्ख्या भावंडांमध्ये निम्मी वाटणी सारखी असते, असं आपण पुस्तकात वाचतो. ती सरासरी आहे. २००६ साली ४,४०१ भावंडजोड्या तपासल्या, तेव्हा हा वाटा कुठे ३७ टक्के, तर कुठे ६२ टक्क्यांच्या घरात निघाला. दोन भाऊ किती भाऊ, हेसुद्धा जोडीगणिक बदलतं!

आमचा मोठा चार महिन्यांचा असताना कुकरची शिट्टी झाली की हातपाय झाडून रडायचा. लहाना त्याच वयात शिट्टीकडे मान वळवून हसायचा. हार्वर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ जेरोम कॅगन यांनी नेमक्या याच वयाच्या बाळांना हलती खेळणी दाखवली, अनोळखी आवाज ऐकवले. साधारण २० टक्के बाळं हातपाय झाडून रडली, ४० टक्के शांत पाहत राहिली. रडणाऱ्यांपैकी बरीच मुलं पुढे दुसऱ्या वर्षी नव्या माणसापुढे बुजणारी निघाली. २००३ मध्ये याच परंपरेतल्या एका अभ्यासात, दोन वर्षांची असताना बुजणारी मुलं मोठी झाल्यावर त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. अनोळखी चेहरा दिसताच त्यांच्या मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग इतरांपेक्षा जास्त जागा होत होता. म्हणून मोठ्याला कोणी "भित्रा" म्हटलं की माझ्या काळजाला लागतं. त्याच्या मेंदूची घंटा जरा लवकर वाजते, एवढंच.

जुळ्यांच्या अभ्यासांवरून दिसतं, की माणसामाणसांच्या स्वभावातल्या फरकाचा साधारण निम्मा भाग आनुवंशिक असतो. मात्र हा हिशोब समूहाचा आहे. एका बोंडातला कापूस बियाण्यामुळे किती आणि पावसामुळे किती, हे जसं सांगता येत नाही, तसंच एका पोराच्या स्वभावाचंही.

उरलेल्या अर्ध्यात मला स्वतःला सर्वांत मोठा धक्का बसला. आपण म्हणतो, घर एक, संस्कार एक. रॉबर्ट प्लोमिन आणि डेनिस डॅनियल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये मांडलं, की एका घरात वाढल्यामुळे भावंडांचे स्वभाव फारसे सारखे होत नाहीत. फरक पाडतं ते प्रत्येकाच्या वेगळ्या वाट्याला आलेलं जगणं. धुऱ्याकडची, म्हणजे बांधालगतची, पिकाची ओळ आणि मधली ओळ, वावर तर एकच ना, पण पीक सारखं येतं का?

मग मी आमचं घर आठवलं. मोठा जन्मला २०१७ साली, गुलाबी बोंडअळीच्या वर्षी. बोंडं फोडली की आत अळी आणि किडका कापूस. त्याचा बाप रात्री छपरीत एकटाच बसून राहायचा, घरात कोणी मोठ्यानं बोलत नसे. तीन वर्षांचा होऊन तो अंगणवाडीत जाणार, तोच टाळेबंदीत ती बंद झाली. लहाना त्याच टाळेबंदीतला. नागपूरला कामाला असलेला काका, पुण्याहून आलेली आत्या, सगळे घरी. हा दिवसभर या मांडीवरून त्या मांडीवर. शिवाय लहान्याच्या घरात एक मोठा भाऊ होता; मोठ्याच्या घरात तो नव्हता. यामुळेच ते असे झाले, असं मी म्हणणार नाही. पण घर एक नव्हतं, हे नक्की.

"थोरला म्हणून गंभीर, धाकटा म्हणून खोडकर," असंही गावात ऐकायला मिळतं. २०१५ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या २० हजारांवर माणसांची माहिती तपासली. बोलकेपणा, शिस्त, मनमिळाऊपणा, मनाची स्थिरता यांचा जन्मक्रमाशी संबंध आढळला नाही.

न्यूयॉर्कचे स्टेला चेस आणि अलेक्झांडर थॉमस हे मानसोपचारतज्ज्ञ दांपत्य. १९५६ पासून त्यांनी १३३ मुलांचा तान्हेपणापासून मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. त्यातली सुमारे १५ टक्के मुलं हळूहळू रुळणारी होती. त्यांना ढकललं की ती आणखी मागे सरत, वेळ दिला की आपण होऊन पुढे येत. मुलाचा स्वभाव आणि भोवतालच्यांची अपेक्षा यांचा मेळ बसतो का, हे त्यांना सर्वांत महत्त्वाचं वाटलं.

पुढच्या तान्ह्या पोळ्याला मी मोठ्याला दुपारीच पारावर नेलं. कोणी नव्हतं. तोरणाची जागा त्यानं पाहिली, नंदी दोनदा ओढून पाहिला, खडी कुठे आहे ते बघून ठेवलं. "इथून नेतो मी," म्हणाला. लहान्याला मात्र मी काहीच सांगितलं नाही, फक्त चाकांना नवे खिळे ठोकून दिले.

संध्याकाळी मोठा रांगेत होता, शेवटून दुसरा. दोरी दोन्ही हातांत घट्ट. त्याची आजी माझ्या शेजारी उभी होती, तिनं माझा दंड दाबला. तोरण तुटलं, गलका झाला, तो दचकला, पण दोरी सोडली नाही. मग चार घरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला गेला, प्रत्येक दारात आधी लहाना, मागे तो.