मास्टर्स आणि ‘पीजी प्रोग्राम’: सायबर सुरक्षेतली सगळ्यात महाग गल्लत

नोकरी सांभाळून माहिती सुरक्षेत ऑनलाइन मास्टर्स करायचं मनात आलं आणि एकदा शोधून पाहिलं, की जाहिरातींची रांग लागते. ‘ॲडव्हान्स्ड एक्झिक्युटिव्ह प्रोग्राम’, ‘पोस्ट ग्रॅज्युएट प्रोग्राम’, ‘पीजी सर्टिफिकेशन’. प्रत्येकावर एखाद्या नामवंत संस्थेचं बोधचिन्ह असतं. त्यातला कुठलाही घेतला तरी पुढे बायोडेटात आणि घरच्यांसमोर नाव एकच सांगितलं जातं: ‘मास्टर्स करतोय’. यातले बहुतेक अभ्यासक्रम मास्टर्स नाहीत.

पीजी प्रोग्राम काय असतो ते बहुतेकांना माहीत आहे. सहा महिने ते वर्षभर, शनिवार-रविवारी थेट वर्ग, राहिलेल्या तासांचं रेकॉर्डिंग, एखादा प्रोजेक्ट आणि शेवटी प्रमाणपत्र. त्यातलं शिकवणं वाईटच असतं असं अजिबात नाही. काही ठिकाणी लॉग विश्लेषण किंवा क्लाउड सुरक्षा विद्यापीठापेक्षा ताजी शिकवतात. फीही दोन्हीकडची लाखांच्या घरात जाऊ शकते, म्हणून तिच्यावरून काही ओळखता येत नाही.

घोटाळा होतो तो एका प्रश्नावर. लोक विचारतात, ‘संस्था कुठली?’ विचारायला हवं, ‘कागद कुठला?’

भारतात पदवी कोणी द्यायची हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातलं कलम २२ ठरवतं: केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, किंवा संसदेने तसा अधिकार दिलेली संस्था. आयआयटी या तिसऱ्या गटात येतात, त्यांचा कायदा १९६१ चा. पण ज्या संस्थेला पदवी देता येते, तिला साधं प्रमाणपत्रही देता येतं. एकाच आयआयटीतून दोन्ही कागद निघतात. आयआयटी कानपूरचा सायबर सुरक्षेतला ई-मास्टर्स ही पदवी आहे: ६० क्रेडिट, १२ मॉड्यूल, एक ते तीन वर्षांत पूर्ण करायचे, आणि ‘गेट’ या प्रवेश परीक्षेचे गुण लागत नाहीत. त्याच दर्जाच्या संस्थेच्या निरंतर शिक्षण विभागाने एखाद्या खासगी कंपनीबरोबर चालवलेला नऊ महिन्यांचा कोर्स म्हणजे प्रमाणपत्र. बोधचिन्ह अस्सल, प्राध्यापक तेच, तरीही ती पदवी नव्हे. ‘एक्झिक्युटिव्ह ॲल्युम्नाय’, म्हणजे संस्थेचा माजी विद्यार्थी, हा दर्जा मिळाला म्हणूनही ती पदवी होत नाही. समुपदेशक म्हणवणारे विक्रेते या दर्जाचा उल्लेख इतक्या खुबीने करतात, की समोरचा ‘पदवी मिळेल का’ हे विचारायचंच विसरतो. ही पद्धत बंद व्हायला हवी.

मुलाखतीत हा फरक कदाचित कोणी विचारणारही नाही. तो अडवतो नंतर. प्राध्यापकपदासाठीच्या ‘नेट’ परीक्षेला मास्टर्सला ५५ टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांना ५०, आणि पीजी प्रोग्रामचे गुण तिथे चालतच नाहीत. सरकारी पदाच्या जाहिरातीत ‘पदव्युत्तर पदवी’ लिहिलेलं असेल तर अर्ज छाननीत बाद होतो. कॅनडासाठी शिक्षणाचं मूल्यांकन करून घेताना बॅचलर पदवीचे गुण मिळतात, मास्टर्सचे नाही. ‘पोस्ट ग्रॅज्युएट’ या शब्दाचा अर्थ फक्त ‘पदवीनंतरचा’ एवढाच आहे, हे तेव्हा लक्षात येतं.

डिप्लोमा या दोहोंच्या मधला. इग्नूचा माहिती सुरक्षेतला पीजीडीआयएस ही मान्यताप्राप्त, कमी खर्चाची पदविका आहे. तिला पदविका म्हणूनच घ्यावं.

ऑनलाइन आणि दूरस्थ यांतल्या फरकाची चिंता करू नका. नाशिकच्या मुक्त विद्यापीठामुळे दूरस्थ शिक्षण आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. ऑनलाइनमध्ये छापील पुस्तकं आणि अभ्यासकेंद्र यांच्या जागी पोर्टल येतं. आयोगाच्या २०२० च्या नियमांनुसार मान्यता असलेली दोन्ही प्रकारची पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष आहे.

मान्यता मात्र नीट तपासावी लागते. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या संकेतस्थळावर तीन गोष्टी एकाच ओळीत जुळल्या पाहिजेत: नेमका अभ्यासक्रम, ऑनलाइन पद्धत, आणि तुम्ही ज्या सत्रात प्रवेश घेताय ते सत्र. विद्यापीठाला ऑनलाइन एमबीएची मान्यता आहे म्हणून त्यांची एमएस्सी सायबर सुरक्षाही मान्य, असं होत नाही. नेहमीची चूक हीच. प्रवेशाआधी त्याच संकेतस्थळावर स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो, आणि त्यासाठी ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे विद्यार्थ्याच्या क्रेडिटची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, आयडी आधी लागतो. ‘आयडी नंतर बघू, आधी सीट ब्लॉक करा’ असं कोणी म्हणालं तर पैसे भरू नका. आयआयटी आयोगाच्या अखत्यारीत नाहीत, त्यामुळे त्या या यादीत दिसणार नाहीत. तिथे सिनेटने, म्हणजे संस्थेच्या शैक्षणिक मंडळाने, मंजूर केलेली पदवी आहे का, एवढं पाहायचं.

डीईबीच्या यादीत एमएस्सी किंवा एमसीए मिळेल, एमटेक नाही, कारण आयोगाच्या २०२० च्या नियमांत अभियांत्रिकी ऑनलाइन शिकवायला बंदी आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार अभिमत विद्यापीठांच्या दूरस्थ अभियांत्रिकी पदव्यांवर कुऱ्हाड चालवली: २००१ ते २००५ च्या तुकड्यांच्या निलंबित, त्यानंतरच्या रद्द. त्यात नोकरी करणारे, बढती मिळालेले लोक होते.

पावतीही बोलते. कायद्याने मान्य पदवीच्या शिक्षणाला जीएसटी लागत नाही, प्रमाणपत्राच्या कोर्सवर १८ टक्के लागतो. फीच्या पत्रकावर ‘अधिक जीएसटी’ दिसलं की पदवीबद्दल पुन्हा विचारा.

वेळेचा हिशेब फार कमी जण करतात. दूरस्थ आणि ऑनलाइनमध्ये एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. दोन वर्षांची एमएस्सी ८० क्रेडिटची असेल तर २,४०० तास, म्हणजे दर आठवड्याला सुमारे २३. शिफ्टमध्ये एसओसीत, म्हणजे सायबर हल्ल्यांवर चोवीस तास पहारा ठेवणाऱ्या केंद्रात, काम करणाऱ्याला हे दोन वर्षं झेपत नाही, आणि क्रिप्टोग्राफीचं गणित मागे पडलं की पुढचं सत्र हातातून जातं. मुदत लांबवता येणारा अभ्यासक्रम निवडावा.

सीआयएसएसपी किंवा ओएससीपी यांची मास्टर्सशी तुलनाच नको, त्या सायबर सुरक्षेतल्या व्यावसायिक प्रमाणपत्रांच्या परीक्षा आहेत. एकच लक्षात ठेवा: सीआयएसएसपीला पाच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि पदवीने त्यातलं जास्तीत जास्त एक वर्ष सुटतं. पेनिट्रेशन टेस्टिंगमध्ये, म्हणजे परवानगीने हल्ला करून यंत्रणेतल्या त्रुटी शोधण्यात, लवकर काम हवं असेल तर आधी ओएससीपी करा, मास्टर्स थांबू शकतं. पीएचडी, अध्यापन, सरकारी पद किंवा परदेशी स्थलांतर डोळ्यांसमोर असेल तर पदवीच हवी, पीजी प्रोग्रामवर एक रुपयाही घालू नये.

परदेशी ऑनलाइन पदवी चांगली असू शकते. जॉर्जिया टेकचा सायबर सुरक्षेतला ऑनलाइन मास्टर्स २०१९ मध्ये सुरू झाला तेव्हा पूर्ण फी १०,००० डॉलरच्या आत होती. पण पुण्यात बसून तो केला तर एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा नाही, आणि एफ-१ नाही म्हणजे ओपीटीही, शिक्षणाला जोडून अमेरिकेत काम करायची परवानगी, नाही. अमेरिकेत नोकरी हा हेतू असेल तर हे आधी धरून चाला. इथे सरकारी कामासाठी वापरायची असेल तर ऑनलाइन पद्धतीच्या पदवीला समकक्षता मिळेल का, हे फी भरण्याआधी लेखी विचारा.

देशी असो की परदेशी, प्रवेश कार्यालयाला एक ईमेल पाठवा: ‘अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर मिळणाऱ्या कागदावरचा मजकूर अक्षरशः कसा असेल, आणि तो दीक्षांत समारंभात दिला जातो का?’ फोनवरचं उत्तर धरू नका. लेखी उत्तरात ‘पदवी’ हा शब्द येत नसेल तर तो पीजी प्रोग्राम आहे.